१४ फुटी अ‍ॅल्युमिनियम होडीवर फिश फाइंडर: प्रकल्प नोंदी

२९ मार्च २०२५, शनिवार

होडी ट्रेलरसकट गॅरेजमध्ये घेतली आणि कव्हर काढलं. १४ फूट लांब, रिव्हेट मारलेलं अ‍ॅल्युमिनियम, मागे दोरी ओढून सुरू होणारं १५ अश्वशक्तीचं इंजिन, पुढे बॅटरीवर चालणारी ट्रोलिंग मोटर, म्हणजे मासे धरताना होडी हळू सरकवणारी छोटी मोटर. अमेरिकेतल्या मिनेसोटात अशा होड्या गल्लोगल्ली अंगणात उभ्या असतात. लुंड कंपनी १९४८ पासून याच राज्यातल्या न्यूयॉर्क मिल्स नावाच्या छोट्या गावात होड्या बांधते. त्याच वर्षी जपानमध्ये फुरुनो बंधूंनी मासे शोधणारं, प्रत्यक्ष मच्छिमारांच्या उपयोगी पडणारं पहिलं यंत्र बाजारात आणलं. दोन्ही गोष्टी एकत्र यायला पुढे फार वर्षं लागली नाहीत.

होडीवर बसवायचा फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे दाखवणारं यंत्र, ५ इंची पडद्याचं आहे. नेहमीचा चर्प सोनार (एकाच सुराऐवजी सरकत्या सुरांचा आवाज सोडणारा) आणि तळाचं बारीक चित्र काढणारा ४५५ आणि ८०० किलोहर्ट्‌झचा स्कॅन, दोन्ही एकाच ट्रान्सड्यूसरमध्ये, म्हणजे आवाज सोडणाऱ्या आणि परत ऐकणाऱ्या ठोकळ्यात. ट्रान्सड्यूसर बाहेरून, ट्रान्समवर लावायचा. ट्रान्सम म्हणजे इंजिन जिच्यावर लटकतं ती होडीची मागची उभी भिंत.

कामाला हात लावण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की आहे. लोक पैसे पडद्यावर घालतात, पण चित्र ठरतं ते पाण्यातल्या त्या मूठभर ठोकळ्याच्या जागेवर आणि त्याला वीज नेणाऱ्या तारेवर. ट्रान्सड्यूसरखालून हवेचे बुडबुडे गेले तर कितीही महागडा पडदा कोराच राहणार, कारण ध्वनी पाण्यातून हवेत जवळजवळ शिरतच नाही, बुडबुड्यावर आपटून तिथूनच परत येतो. म्हणून पहिले आठवडे जागा आणि तारा यांना, पडदा सगळ्यात शेवटी.

आज फक्त होडीखाली आडवा पडून टॉर्चने तळ पाहिला. मधोमध कणा, त्याच्या दोन्ही बाजूंना लांबीभर जाणाऱ्या उंचवट्याच्या पट्ट्या, आणि रिव्हेटांच्या रांगा. पाणी वेगात मागे सरकताना या प्रत्येक पट्टीच्या आणि रिव्हेटच्या मागे बुडबुड्यांची शेपूट तयार होते. ट्रान्सड्यूसर दोन पट्ट्यांच्या मधल्या सपाट भागाच्या सरळ मागे हवा, पट्टीच्या मागे नाही. खडूने त्या सपाट भागाच्या कडा मागेपर्यंत ओढून आणल्या.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी गुढी उभारली, श्रीखंड झालं, दुपारी मुहूर्ताला मोजपट्टी हातात घेतली.

बाजू कोणती हे पंखा ठरवतो. माझ्या इंजिनाचा पंखा, बहुतेक सगळ्या एकट्या इंजिनांसारखाच, पुढे जाताना मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो. म्हणजे उजवीकडे पाती वरून खाली येतात आणि डावीकडे खालून वर जातात. वर जाणारी पाती पाणी जास्त ढवळतात. म्हणून उजवी बाजू. पंख्यापासून किमान ३८ सेंटिमीटर, म्हणजे १५ इंच, दूर राहायचं. माझ्या खडूच्या रेघांमधली जागा त्याहून थोडी लांबच येते. ही जागा इतकी चांगली मिळाली की दुसऱ्या जागेचा विचारच सोडला.

मग ट्रेलर. हा मुद्दा फार कमी ठिकाणी लिहिलेला दिसतो. होडी ज्या गालिचा गुंडाळलेल्या लांब फळ्यांवर बसते त्या मागे कुठपर्यंत येतात आणि होडी वर खेचताना ट्रान्सड्यूसर त्यांच्यावर घासणार का, हे भोक पाडण्याआधी पाहायला हवं. माझ्याकडे फळी आणि ट्रान्सड्यूसर यांच्यात हाताचा पंजा उभा मावेल इतकी जागा राहते. पुरे आहे.

५ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस पाटाचा. ट्रान्सड्यूसर थेट अ‍ॅल्युमिनियमला स्क्रूने लावता येतो, आणि बहुतेक लोक तसंच करतात. पण मग वर-खाली करायची वेळ आली की पाण्याखाली नवी भोकं. त्यापेक्षा मधे प्लास्टिकचा जाड पाट घालायचा: पाट पाण्याच्या रेषेच्या वर बोल्टने आरपार कसायचा, आणि ट्रान्सड्यूसरचे स्क्रू फक्त पाटात. पाटात हवी तितकी भोकं पाडा, होडीला काही होत नाही.

पाट कशाचा हे महत्त्वाचं आहे. लाकडाच्या वखारीत मिळणारं, कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेलं लाकूड इथे अजिबात चालत नाही. त्या प्रक्रियेत तांबं असतं, आणि ओलं झालं की ते तांबं अ‍ॅल्युमिनियम खातं. पितळेचे, कांस्याचे स्क्रूही त्याच कारणाने बाद. मी १२ मिलिमीटर जाडीचा एचडीपीई पाट घेतला, म्हणजे स्वयंपाकघरात भाजी चिरायच्या पांढऱ्या पाटाचंच प्लास्टिक. त्याला पाणी लागत नाही, कुजत नाही, आणि साध्या करवतीने कापता येतो. एक अवगुण म्हणजे त्याला कोणताही गोंद धरत नाही, त्यामुळे चिकटवून काम भागत नाही, बोल्ट लागतातच. उंची ३५ सेंटिमीटर ठेवली. पाण्याची रेषा शोधायला तळ्यावर जावं लागलं नाही: ट्रान्समवर गेल्या उन्हाळ्यातल्या शेवाळाचा तपकिरी पट्टा स्पष्ट आहे. त्याच्या चार बोटं वर तीन बोल्टांच्या खुणा केल्या.

या ट्रान्समच्या आत प्लायवूड आहे, दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. जुन्या होड्या मरतात त्या बहुतेक इथेच. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत झिरपतं, प्लायवूड भिजतं, बाहेरून काही दिसत नाही, आणि काही वर्षांनी इंजिनाच्या वजनाने ट्रान्सम वाकू लागतो. आधीच्या मालकाने कधीतरी लावलेल्या जुन्या ट्रान्सड्यूसरची दोन भोकं खाली होतीच. त्यांत तार घालून पाहिली, लाकूड कोरडं आणि टणक लागलं. नशीब चांगलं.

नवी भोकं करताना ही पद्धत ठेवली: हव्या त्या मापापेक्षा मोठं भोक पाडायचं, त्यात घट्ट केलेला इपॉक्सी (वाळून दगडासारखा होणारा गोंद) भरायचा, तो वाळला की त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक. मग बोल्टभोवती लाकूड उरतच नाही, इपॉक्सीची नळी राहते, आणि उद्या सीलंटने, म्हणजे फट बुजवणाऱ्या लेपाने, दगा दिला तरी पाणी प्लायवूडपर्यंत पोचत नाही. जुनी दोन भोकंही इपॉक्सीने भरून टाकली. गॅरेज थंड आहे म्हणून जवळ हीटर लावून ठेवला, थंडीत इपॉक्सी फार सावकाश वाळतो.

१२ एप्रिल, शनिवार

पाट बसला. बोल्ट पाव इंची, ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम यांचीही गट्टी नाही. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मधे पाणी आलं की छोटी बॅटरीच तयार होते, आणि तीत झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. गोड्या पाण्यात हे हळू होतं, समुद्रात झपाट्याने. इथली तळी गोडी आहेत, तरीही प्रत्येक बोल्टच्या दांड्याला गंजरोधक मलम लावलं आणि डोक्याखाली व नटाखाली नायलॉनचे वॉशर घातले, म्हणजे धातू धातूला थेट टेकायला नको.

सीलंट पॉलियुरेथेनचा, पण पुढे काढता येईल असा. दुकानात एक कायमचा धरणारा प्रकारही असतो. तो लावला तर उद्या पाट काढताना पत्रा सोलून निघेल. जागा अल्कोहोलने पुसून, भोकाभोवती आणि बोल्टभोवती सीलंट भरून, आधी हलकेच आवळलं आणि दुसऱ्या दिवशी पुरतं आवळायचं ठेवलं. एकदम कचकचून आवळलं की सगळा सीलंट बाहेर येतो आणि आत काहीच उरत नाही.

ट्रान्सड्यूसर किती खाली लावायचा? पुस्तिका सांगते की फायबरच्या होडीत तळाच्या ३ मिलिमीटर खाली आणि अ‍ॅल्युमिनियमच्या होडीत १० मिलिमीटर खाली. फरक रिव्हेट आणि पट्ट्यांमुळे, तळाला चिकटून वाहणाऱ्या फेसाळ पाण्याच्या थराखाली ठोकळा जायला हवा. तळावर सरळ पट्टी धरून १० मिलिमीटर मोजले. ट्रान्सम तिरका असतो, म्हणून होडी तरंगते त्या पातळीला ट्रेलरचा पुढचा जॅक फिरवून आणली, मग ट्रान्सड्यूसरवर पाणसळ ठेवून तो समांतर केला, मागचं टोक किंचित खाली. पुढचं टोक खाली राहिलं तर पाणी त्याच्या पोटाखाली शिरताना फेस करतं.

१९ एप्रिल, शनिवार

तारा. माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त घाई इथे केली जाते.

इंजिन दोरीने सुरू होतं, त्यामुळे होडीत इंजिनाची बॅटरी नाही. ट्रोलिंग मोटरची बॅटरी आहे, आणि तिलाच फिश फाइंडर जोडायचा मोह होतो. तो टाळला. मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट वीज सेकंदाला शेकडो-हजारो वेळा तोडतं-जोडतं, आणि तो सगळा गोंगाट त्याच तारांतून सोनारात शिरतो. म्हणून स्वतंत्र, १२.८ व्होल्टची, १० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. यंत्र मध्यम उजेडावर साधारण ०.६ अँपिअर घेतं, मीटर लावून पाहिलं. बॅटरीचे ८० टक्केच वापरायचे धरले तरी १३ तास निघतात. सूर्योदयापासून अंधारापर्यंतची सोय झाली. एक पथ्य पाळायचं आहे: ही बॅटरी शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करायची नाही, पेशी कायमच्या खराब होतात. मिनेसोटाच्या हिवाळ्यात ती घरात आणूनच चार्जरला लावायची.

तार १६ गेजची, कलई केलेल्या तांब्याची, दोन्ही वायर बॅटरीपासून थेट यंत्रापर्यंत. मोटारगाडीत ऋण वायर बॉडीला जोडून टाकतात, तसं धातूच्या होडीत कधीच करायचं नाही. होडीच्या पत्र्यातून वीज वाहू लागली की पत्रा पाण्यात विरघळू लागतो, आणि भोक पडेपर्यंत कळत नाही. सगळं काम झाल्यावर मीटर लावून पाहिलं: बॅटरीचं कुठलंही टोक आणि पत्रा यांच्यात काहीही जोड दिसत नाही. ही तपासणी दर हंगामाला करायची.

फ्यूज ३ अँपिअरचा, धन टोकापासून १८ सेंटिमीटरच्या आत. फ्यूज यंत्र वाचवायला नसतो, तार वाचवायला असतो, म्हणून तो यंत्राजवळ नको, बॅटरीजवळ हवा. जोड सगळे आतून गोंद असलेल्या नळीचे, उष्णतेने आवळलेले. तारेची एकूण लांबी कमी आहे, यंत्रापाशी मोजलं तर व्होल्टेज बॅटरीपेक्षा ०.०५ व्होल्टने कमी.

ट्रान्सड्यूसरची केबल २० फुटी आहे आणि मला तिच्या निम्मीही लागत नाही. कापायची नाही. त्या केबलमधून अतिशय क्षीण प्रतिध्वनी येतो आणि तिची जात, लांबी, आवरण हे यंत्राशी जुळवलेलं असतं. उरलेली केबल मोठ्या सैल वेटोळ्यांत गुंडाळून मागच्या बाकाखाली बांधली. पत्र्यातून केबल नेण्यासाठी इंचभराचं भोक लागलं असतं, कारण टोकाचा प्लग मोठा आहे, म्हणून ती ट्रान्समच्या वरून आत आणली, रबर लावलेल्या चिमट्यांनी धरली, आणि आत येण्याआधी खाली एक झोळ ठेवला. केबलवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडतं. ट्रोलिंग मोटरच्या जाड तारा डाव्या कडेने जातात, सोनारच्या उजव्या कडेने.

२० एप्रिल, रविवार

पडद्याचा बॉल माउंट, म्हणजे गोळ्यावर हवा तसा वळणारा आधार, मागच्या बाकाच्या पुढे उजव्या कडेवर. डावा हात इंजिनाच्या दांड्यावर असतो, उजवा मोकळा. पोलराइज्ड काचेचा, म्हणजे पाण्यावरची चकाकी कापणारा, गॉगल घालून पडदा वेगवेगळ्या कोनांतून पाहिला, काही कोनांत तो पूर्ण काळा दिसतो. मी बसतो तिथून नीट दिसेल असा वळवून मगच स्क्रू आवळले. काम एवढंच.

२६ एप्रिल, शनिवार

मिनेटोंका तळं, ग्रेज बे या खाडीचा सार्वजनिक धक्का. वॉलाय या इथल्या आवडत्या माशाचा हंगाम अजून उघडायचा आहे, पण क्रॅपी आणि सनफिश हे छोटे मासे वर्षभर धरता येतात. आज मात्र गळ घरीच ठेवले, फक्त यंत्राची परीक्षा.

होडी पाण्यात उतरवल्या उतरवल्या आतून पाटाचे बोल्ट हाताने चाचपले. कोरडे. धक्क्याजवळ दोरीला शिसं बांधून खोली मोजली आणि पडद्याशी ताडून पाहिली. पडदा ८ इंच कमी सांगतो, आणि ते बरोबरच आहे, कारण तो पाण्याच्या पृष्ठभागापासून नाही, ट्रान्सड्यूसरच्या पोटापासून मोजतो आणि ट्रान्सड्यूसर तितकाच पाण्यात बुडालेला आहे. सेटिंगमध्ये ८ इंचांची भर घातली. पाण्याचा प्रकार 'गोडं' निवडला.

यंत्र खोली मोजतं म्हणजे खरं तर वेळ मोजतं. ३० फूट पाण्यात आवाज तळाला जाऊन परत यायला साधारण १२ मिलिसेकंद लागतात. १८२६ साली कोलाडों आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हाच्या तळ्यात पाण्याखाली घंटा वाजवून, दूरच्या होडीतून कर्णा पाण्यात बुडवून ऐकून, ८ अंशाच्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला १४३५ मीटर काढला होता. दोनशे वर्षांपूर्वीचा तो आकडा आजच्या मोजमापाच्या अगदी जवळ आहे. आज माझ्या पडद्यावर पाण्याचं तापमान जवळजवळ तेवढंच होतं, आणि कोलाडोंची घंटा आठवून मला खरोखर आनंद झाला. पाणी ५ अंशावरून २५ वर गेलं की वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे २० फुटांत एखाद्या फुटाचा फरक. मासेमारीला चालतो.

हळू चालताना चित्र सुरेख. तळाची जाड पिवळी पट्टी म्हणजे खडी किंवा वाळू, आवाज जोरात परत येतो. खाडीच्या आतल्या बाजूला पट्टी पातळ आणि मऊ झाली, तिथे गाळ. पूर्वीचे खलाशी शिशाच्या तळाच्या खळग्यात चरबी भरून पाण्यात सोडत आणि तिला चिकटून काय वर येतं त्यावरून तळ ओळखत. तेच उत्तर इथे रंगाच्या जाडीत मिळतं.

पण ताशी १५ मैलांच्या पुढे गेलं की तळाची रेघ तुटते.

३ मे, शनिवार

वेगाचा प्रश्न सोडवला. ट्रान्सड्यूसर ३ मिलिमीटर खाली घेतला, मागचं टोक एक खाच आणखी खाली. पाट असल्यामुळे हे धक्क्यावर उभं राहूनच, एका स्क्रूड्रायव्हरने झालं. आता पूर्ण वेगात, दोन माणसं बसलेली असतानाही तळाची रेघ अखंड आहे. याहून खाली न्यायचं नाही. जास्त खाली गेला की मागे पाण्याचा फवारा उडू लागतो, आणि तरंगतं लाकूड आपटलं तर ठोकळा तुटतो. मागे वळून पाहिलं, फवारा नाही.

दुसरी गोष्ट जास्त वेळखाऊ निघाली. ट्रोलिंग मोटर सुरू केली की पडद्यावर वरपासून खालपर्यंत ठिपक्यांच्या उभ्या रेघा. बॅटरी वेगळी, तारा वेगळ्या बाजूंनी, तरीही. मोटर पूर्ण वेगावर नेली आणि रेघा गायब झाल्या. मधल्या वेगांवर पुन्हा आल्या. यावरून कारण कळलं: पूर्ण वेगावर नियंत्रक वीज तोडत-जोडत नाही, सलग देतो. म्हणजे हा पंख्याचा किंवा बुडबुड्यांचा गोंगाट नाही, विजेचा आहे. मग ट्रान्सड्यूसरचा प्लग काढून पाहिला, रेघा नाहीशा झाल्या. म्हणजे गोंगाट विजेच्या तारेतून येत नाही, ट्रान्सड्यूसरच्या केबलमधून आत शिरतो.

होडीच्या पुढच्या भागात मोटरच्या दोन जाड तारा एकमेकींपासून दूर, सैल पडलेल्या होत्या. जाणारी आणि येणारी वीज वेगळ्या वाटांनी गेली की मधल्या जागेत मोठं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दोन्ही तारा एकमेकींना पीळ देत घट्ट वळून बांधल्या. ट्रान्सड्यूसरच्या केबलवर यंत्राजवळ फेराइटचं, म्हणजे विजेचा गोंगाट अडवणारं, कडं लावलं. रेघा जवळजवळ संपल्या. जे उरलंय ते गोंगाट गाळायचं सेटिंग सर्वात खालच्या पायरीवर ठेवून जातं. ते सेटिंग आधीच वर चढवलं असतं तर रेघांबरोबर छोटे मासेही पुसले गेले असते.

१० मे, शनिवार

वॉलायचा हंगाम आज उघडला. बाबा गेल्या आठवड्यात मालवणहून आले आहेत. त्यांचा पाहुण्यांसाठीचा परवाना काढला, माझा होताच. पहाटे अंधारात धक्क्यावर ट्रेलरांची रांग.

बाबांचं सगळं लहानपण होडीत गेलं. खोली ते अजून वावांत (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) सांगतात. मालवण-देवगडच्या ट्रॉलरांवर आता फिश फाइंडर असतोच, पण त्यांनी स्वतः कधी वापरलेला नाही. थोडा वेळ पडद्याकडे पाहून म्हणाले, "तळ सांगता ता ठीक. पण मासो खंयचो ता सांगता काय?"

कोणता मासा ते सांगत नाही. मासा आहे एवढं सांगतं, तेही मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे, कारण मांस पाण्याशी इतकं मिळतंजुळतं असतं की आवाज त्यातून बराचसा आरपार जातो. बाबांना कमान दाखवली. ट्रान्सड्यूसरचा आवाज शंकूच्या आकारात खाली पसरतो. २०० किलोहर्ट्‌झला माझ्या ट्रान्सड्यूसरचा कोन सुमारे २० अंश, म्हणजे ३० फुटांवर तळाशी साडेदहा फूट व्यासाचं वर्तुळ. होडी पुढे सरकताना मासा आधी त्या शंकूच्या कडेला येतो, तेव्हा तो थोडा लांब असतो. मधोमध आला की सगळ्यात जवळ. मग पुन्हा लांब. म्हणून कमान. होडी उभी असेल आणि मासाही उभा असेल तर कमान येत नाही, लांबच लांब सरळ रेघ येते, आणि ती रेघ मोठ्या माशाची नाही, जास्त वेळ थांबलेल्या माशाची. पडद्यावरची आडवी दिशा अंतर नसून वेळ आहे, हे बाबांना दोन वाक्यांत पटलं.

मग त्यांनी विचारलं ते मला फार आवडलं: "उतारावर ह्याचा काय होता?" उतारावरच याची खरी मर्यादा आहे. शंकूच्या वर्तुळात उताराची वरची बाजूही येते आणि खालचीही. यंत्राला तळ म्हणून पहिला प्रतिध्वनी वरच्या बाजूकडून मिळतो, आणि ती खोली म्हणजेच तळ असं ते दाखवतं. त्याच वर्तुळात, उताराच्या खालच्या बाजूला तळाला टेकून बसलेला मासा त्या रेघेत गडप होतो. आणि वॉलाय नेमका तिथेच, उताराच्या पायथ्याशी, तळाला पोट टेकून बसतो. म्हणून उतारावर पडदा रिकामा दिसला तरी जागा सोडायची नाही. तळाचं बारीक चित्र काढणारा स्कॅन तिथे जास्त कामाचा, त्याचा झोत पुढे-मागे अगदी अरुंद असतो. तेवढ्यासाठी होडी उताराला समांतर न नेता आडवी, वरून खाली अशी, न्यायची.

तसंच केलं. स्कॅनवर १८ फुटांना, उताराच्या पायथ्याशी, तळापासून जेमतेम सुटलेले काही पांढरे ठिपके दिसले. नेहमीच्या सोनारवर तिथे काहीच नव्हतं. बाबांनी वजनदार गळ सोडला, तळाला टेकवला, हातभर उचलला आणि धरून बसले. सकाळचा पहिला वॉलाय त्यांनीच काढला. अंधुक उजेडात त्याचे डोळे चमकत होते. डोळ्यामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो, म्हणून तो गढूळ, अंधाऱ्या पाण्यात शिकार करू शकतो. संध्याकाळी सोलं घालून तिखलं झालं. बाबांच्या मते मासा गोडसर आहे आणि सोलं थोडी जास्त हवी होती.

धक्क्यावर परत आल्यावर तळाचं बूच काढून पाणी सोडलं, रस्त्याने जाताना ते काढलेलंच ठेवायचं हा इथला कायदा आहे. मिनेटोंकात २०१० मध्ये झेब्रा शिंपले, म्हणजे बाहेरून येऊन तळ्यातळ्यांत पसरणारे उपद्रवी शिंपले, सापडले, तेव्हापासून ते आहेतच. माझ्या पाटाच्या आणि ट्रान्समच्या मधल्या फटीत तणाचा धागा अडकलेला दिसला. अशी फट म्हणजे शिंपल्याच्या पिल्लांना दुसऱ्या तळ्यात जायची गाडीच. आता प्रत्येक फेरीनंतर तिथे पातळ ब्रश फिरवून वरून गरम पाणी सोडायचं.

२१ जून, शनिवार

पाणी तापलं आहे. वायझेटा बेच्या खोल भागात पडद्यावर २० फुटांच्या थोडं खाली एक धूसर आडवी पट्टी, तळाशी काही संबंध नसलेली, सगळीकडे एकाच खोलीवर. हा वरच्या गरम आणि खालच्या थंड पाण्याचा सांधा. तिथे घनता झटकन बदलते आणि बारीक जीव साठतात, त्यामुळे आवाजाचा थोडा भाग तिथूनच परत येतो. ती दिसावी म्हणून संवेदनशीलता हाताने वाढवली, स्वयंचलित सेटिंग तिला कचरा समजून पुसतं. उन्हाळा सरत जाईल तसा या सांध्याखालचा प्राणवायू संपत जातो आणि मासे वर सरकतात. म्हणजे ११३ फुटांपर्यंत खोल असलेल्या या तळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये शोधायचं पाणी फक्त वरचं. पट्टीच्या खाली यंत्राने कमान दाखवली नाही, वर भरपूर. गळ १८ फुटांच्या खाली सोडणं थांबवलं.

सकाळच्या थंड वेळेत बॅटरी पूर्ण दिवस पुरतेच, पण या उन्हात पडद्याचा उजेड पूर्ण ठेवावा लागतो आणि मीटर ०.९ अँपिअर दाखवतो. तरी ८ तासांहून जास्त. चालेल.

२७ सप्टेंबर, शनिवार

हंगाम अजून संपलेला नाही, पण तपासणी उजेड आणि ऊब असतानाच केलेली बरी. मधला बोल्ट मुद्दाम काढला. दांडा स्वच्छ, मलम अजून ओलसर, नायलॉनच्या वॉशरखाली पत्र्यावर पांढरी भुकटी नाही. अ‍ॅल्युमिनियम झिजू लागलं की आधी ती पांढरी भुकटीच दिसते. भोकात आरसा आणि टॉर्च धरून पाहिलं, इपॉक्सीची नळी अखंड, ओल नाही. मीटरने पत्रा आणि बॅटरी यांच्यातली जोड पुन्हा तपासली, काही नाही.

ट्रान्सड्यूसरच्या पोटावर शेवाळाचा पातळ लेप होता. तो मऊ फडक्याने आणि साबणाच्या पाण्याने काढला. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावायचा नाही, पृष्ठभागावर ओरखडे आले की तिथे बुडबुडे धरतात. ट्रेलरच्या बाजूचा ट्रान्सड्यूसरचा एक स्क्रू अर्धा फेरा सैल झाला होता, खडबडीत रस्त्याचा परिणाम असावा. तिथे पसरट डोक्याचा, एक माप जाड स्क्रू घातला. एचडीपीई मऊ असल्यामुळे त्यात आटे लवकर ढिले होतात. पाट करणाऱ्यांनी सुरुवातीपासूनच जाड आट्यांचे स्क्रू वापरावेत.

बोल्ट नवं सीलंट लावून परत बसवला. उद्या पुरता आवळायचा, आणि पुढच्या शनिवारी पाण्यात.